जमिनीखालचे प्रदूषण : नियम आले, आता कसोटी नमुन्यांची

केंद्रीय पर्यावरण, वने व हवामान बदल मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये ‘पर्यावरण संरक्षण (दूषित स्थळांचे व्यवस्थापन) नियम, २०२५’ अधिसूचित केले. कारखाने, टाकाऊ रसायनांचे साठे आणि गळक्या टाक्या यांमुळे विषारी झालेल्या जमिनी शोधणे, तपासणे आणि स्वच्छ करणे यासाठी देशात प्रथमच स्वतंत्र कायदेशीर चौकट अस्तित्वात आली. या विषयावरील क्षमताविकासाचा कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला होता. दूषित स्थळांची सूची आणि तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे त्यातून तयार झाली. कायदेशीर तरतुदीचा टप्पा मात्र अनेक वर्षे रखडला होता. नियम अधिसूचित झाले त्या वेळी देशात १०३ स्थळे दूषित म्हणून निश्चित झाली होती आणि त्यांपैकी केवळ सात ठिकाणी शुद्धीकरणाचे काम सुरू झाले होते. या दोन आकड्यांमधील अंतर हेच या नियमांपुढील आव्हान होय.

छत्तीसगडमधील भिलाई इस्पात कारखान्याच्या नगर वसाहतीत रुआबांधा हा भाग आहे. एका जुन्या गावाचे नाव आजही मिरवणाऱ्या या सेक्टरमध्ये आणि लगतच्या बस्तीत देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपासून राहतात. विदर्भातून रोजगारासाठी आलेल्या मराठी कुटुंबांचाही त्यांत समावेश आहे. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या या कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन फेब्रुवारी १९५९ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. सहा दशकांहून अधिक काळ पोलाद निर्माण करणाऱ्या अशा कोणत्याही औद्योगिक नगरीतील रहिवाशाच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहणे स्वाभाविक आहे. आपल्या घराखालची माती, विहिरीतील पाणी आणि जमिनीतून वर येणारी हवा निर्धोक आहे का, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे आधीच गृहीत धरणे योग्य ठरणार नाही. ते उत्तर शास्त्रशुद्ध रीतीने घेतलेल्या नमुन्यांतूनच मिळू शकते. म्हणूनच नव्या नियमांचे यशापयश शेवटी नमुना घेण्याच्या पद्धतीवर अवलंबून राहणार आहे.

भोपाळचा धडा

नमुन्यांवर किती काही अवलंबून असते, याचे सर्वांत ठळक उदाहरण भोपाळ येथे आढळते. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाईडच्या कारखान्यातून झालेली वायुगळती सर्वांना ज्ञात आहे. त्या रात्रीच्या आधीपासून कारखान्याच्या आवारात आणि उत्तरेकडील बाष्पीभवन तलावांत टाकाऊ रसायने साठविली जात होती, ही बाब मात्र तुलनेने कमी चर्चिली गेली. कारखाना बंद पडला, पण रसायने जमिनीतच राहिली.

नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजेच ‘नीरी’ने, नव्वदच्या दशकात या आवाराची पाहणी केली. आवारातील माती काही ठिकाणी दूषित आहे, मात्र भूजल दूषित झालेले नाही, असा १९९७ च्या अहवालाचा निष्कर्ष होता. जमिनीतील चिकणमातीचा जाड थर पाहता रसायने भूजलापर्यंत पोहोचण्यास सुमारे २३ वर्षे लागतील, असा अंदाज त्यासाठी मांडण्यात आला होता. युनियन कार्बाईडच्याच बाजूने काम करणाऱ्या आर्थर डी. लिटल या सल्लागार कंपनीने मात्र सर्वाधिक प्रतिकूल परिस्थितीत हा काळ दोन वर्षांइतका कमी असू शकतो, असे निदर्शनास आणून दिले होते. एकाच जमिनीविषयीच्या या दोन अंदाजांतील तफावत जवळजवळ दोन दशकांची होती.

१९९९ मध्ये ग्रीनपीस या संघटनेने घेतलेल्या नमुन्यांत आवारात पारा आणि परिसरातील विहिरींच्या पाण्यात कार्बन टेट्राक्लोराइडसारखी क्लोरीनयुक्त रसायने आढळली. २००९ मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने कारखान्यापासून सुमारे तीन किलोमीटर अंतरावरील भूजलातही कीटकनाशकांचे अंश सापडल्याचे जाहीर केले. २०१० मध्ये ‘नीरी’ आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी संयुक्त अभ्यास केला. त्यात आवारातील सुमारे ११ लाख टन मातीवर प्रक्रिया करावी लागेल असे म्हटले होते, तर भूजलाचे प्रदूषण मोजक्या विहिरींपुरते मर्यादित असल्याचे नमूद होते. पुढे लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेच्या तपासण्यांतून बाधित वस्त्यांची संख्या वाढत जाऊन ४० च्या पुढे गेली. सर्वोच्च न्यायालयाने या वस्त्यांना नळाने शुद्ध पाणी पुरविण्याचे आदेश दिले.

या सर्व अभ्यासांपैकी एक खरा आणि बाकीचे खोटे, असा निवाडा करण्याची घाई करू नये. नमुना कोणत्या जागेवरून, किती खोलीवरून आणि कोणत्या ऋतूत घेतला, प्रयोगशाळेस कोणती रसायने शोधण्यास सांगितली, यावर उत्तर ठरते. ज्या रसायनाची चाचणीच मागितली नाही, ते अहवालात दिसणार नाही. ज्या दिशेला विहीर खोदली नाही, त्या दिशेला पसरलेले प्रदूषण नोंदले जाणार नाही.

भोपाळच्या आवारात साठवून ठेवलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जानेवारी २०२५ च्या प्रारंभी बारा कंटेनरमधून धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे हलविण्यात आला. स्थानिक नागरिकांच्या तीव्र विरोधानंतर, प्रायोगिक ज्वलनाचे टप्पे पार पाडून, तो जूनच्या अखेरीपर्यंत जाळण्यात आला. देशभरातील माध्यमांनी त्या कंटेनरचा प्रवास दाखविला. मात्र ३३७ टन आणि ११ लाख टन या दोन आकड्यांची तुलना केली असता, डोळ्यांना दिसणारा कचरा हा मूळ प्रश्नाचा किती लहान अंश होता, हे ध्यानात येते. उरलेला प्रश्न जमिनीखाली आहे आणि तो कंटेनरमध्ये भरून नेता येत नाही.

माती, पाणी आणि बाष्प

दूषित जमिनीची तपासणी ही खोदकामाने सुरू होत नाही. ती कागदपत्रांनी सुरू होते. कारखान्याचे जुने नकाशे, टाक्यांची व नळांची जागा, कोणता पदार्थ कोणत्या काळात वापरला, गाळ कोठे टाकला, यांची नोंद प्रथम केली जाते. निवृत्त कामगारांच्या आठवणी येथे अमूल्य ठरतात. त्यावरून प्रदूषणाचा उगम, ते पसरण्याचा मार्ग आणि त्याची झळ बसू शकणारी माणसे या तीन दुव्यांचे एक आराखडाचित्र तयार होते. तीनपैकी एक दुवा तुटलेला असेल, तर धोका उद्भवत नाही. तीनही जुळत असतील, तर नमुने कोठे घ्यायचे हे त्या चित्रावरून ठरते.

मातीचा नमुना घेताना वरवरची माती आणि खोलवरची माती यांचा स्वतंत्र विचार करावा लागतो. मुले खेळतात त्या मैदानातील वरचे काही सेंटिमीटर हे आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असतात, तर गळलेल्या टाकीचा माग काढण्यासाठी कित्येक मीटर खाली जावे लागते. अनेक ठिकाणची माती एकत्र मिसळून एकच नमुना करण्याची पद्धत शेतीच्या खतपरीक्षणासाठी उपयुक्त आहे. दूषित स्थळाच्या बाबतीत मात्र त्यामुळे अत्यंत विषारी असलेला एखादा कोपरा स्वच्छ मातीच्या सरासरीत विरून जातो. बेंझीनसारखी उडून जाणारी रसायने तर माती ढवळताच हवेत निघून जातात. म्हणून अशा चाचणीसाठी माती न ढवळता, तत्काळ हवाबंद बाटलीत भरावी लागते.

भूजलाच्या बाबतीत पहिला प्रश्न पाणी कोणत्या दिशेने वाहते हा आहे. त्यासाठी किमान तीन निरीक्षण विहिरींतील पाण्याची पातळी मोजावी लागते. त्यांपैकी काही विहिरी संशयित जागेच्या वरच्या बाजूस आणि काही खालच्या बाजूस असणे आवश्यक असते. वरच्या बाजूच्या विहिरीतील पाणी स्वच्छ आणि खालच्या बाजूचे दूषित आढळले, तर मधल्या जागेकडे बोट दाखविता येते. विहिरीत साचून राहिलेले पाणी आधी उपसून टाकल्याखेरीज घेतलेला नमुना भूगर्भातील खऱ्या स्थितीचा द्योतक ठरत नाही. पेट्रोल व बेंझीन पाण्यावर तरंगतात, तर कार्बन टेट्राक्लोराइड पाण्यापेक्षा जड असल्याने तळाशी जाते. त्यामुळे एकाच विहिरीतील वरचे पाणी निर्धोक आणि खालचे घातक असू शकते. आपल्याकडील पावसाळ्याचा विचार करता पावसाळ्यापूर्वीचे आणि नंतरचे असे किमान दोन नमुने अपरिहार्य ठरतात.

तिसरा घटक म्हणजे मातीच्या कणांमधील पोकळीत साठलेले बाष्प. आपल्याकडे हा घटक सर्वाधिक दुर्लक्षित राहिला आहे. उडून जाणारी रसायने भूजलातून किंवा मातीतून बाष्परूपाने वर येतात आणि फरशीच्या भेगांतून, नळांच्या छिद्रांतून घरात शिरतात. विहिरीचे पाणी पिणे थांबविले तरी श्वास घेणे थांबविता येत नाही. हे बाष्प तपासण्यासाठी जमिनीत बारीक नळी रोवून, बाहेरची हवा आत शिरत नाही याची खात्री करून, धातूच्या निर्वात डब्यात किंवा शोषक नळीत हवा खेचून घेतली जाते. मुसळधार पावसानंतर लगेच घेतलेला नमुना फसवा ठरतो, कारण पाण्याने भरलेल्या मातीत बाष्पाची हालचाल खुंटते.

या प्रकारच्या तपासणीचे महत्त्व जगाला प्रथम प्रकर्षाने पटले ते अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या लव्ह कॅनॉल वसाहतीमुळे. हूकर केमिकल कंपनीने १९४० व १९५० च्या दशकांत एका अर्धवट कालव्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि १९५३ मध्ये ती जमीन अवघ्या एका डॉलरला शाळा मंडळास दिली. त्यावर शाळा बांधली गेली आणि सभोवती घरे उभी राहिली. रहिवाशांच्या घरांच्या तळघरांतील हवेत घातक रसायने आढळल्यानंतर ऑगस्ट १९७८ मध्ये तेथे आणीबाणी घोषित करावी लागली. त्यातूनच १९८० मध्ये दूषित स्थळांच्या शुद्धीकरणासाठीचा ‘सुपरफंड’ कायदा अमेरिकेत संमत झाला. भारतास तत्सम नियम करण्यास त्यानंतर पंचेचाळीस वर्षे लागली.

भिलाईच्या भूमीचा विचार

प्रत्येक भूमीचा स्वभाव वेगळा असतो आणि परक्या भूमीवर बेतलेली पद्धत जशीच्या तशी चालत नाही. दुर्ग, भिलाई व रायपूरच्या परिसरात मुख्यत्वे चुनखडी व शेल हे खडक आहेत. भिलाई कारखान्यास लागणारी चुनखडीही जवळच्याच नंदिनी खाणीतून मिळत आली आहे. चुनखडी पाण्यात विरघळते आणि तिच्यात भेगा व पोकळ्या निर्माण होतात. अशा खडकात भूजल वाळूतून झिरपावे तसे संथपणे न जाता काही वेळा एखाद्या नळातून जावे तसे वेगाने जाते. परिणामी लगतची विहीर स्वच्छ आणि दूरची विहीर दूषित, असे विपरीत चित्रही दिसू शकते. केवळ अंतर मोजून विहिरी निवडणाऱ्या तपासणीस येथे चकवा बसण्याचा संभव आहे.

वरच्या मातीचे तारतम्यही छत्तीसगडचा शेतकरी पिढ्यान्पिढ्या जाणतो. मुरमाड, पाणी न धरणारी भाटा, पिवळसर मटासी, तिच्यापेक्षा भारी डोरसा आणि काळी, चिकण कन्हार, अशी नावे त्याने मातीला दिली आहेत. भाटा जमिनीतून सांडलेले द्रव्य लवकर खाली उतरेल, तर कन्हार त्यास बराच काळ अडवून धरील आणि उन्हाळ्यात भेगाळली की त्याच भेगांतून वाट करून देईल. नमुने घेणाऱ्या तंत्रज्ञाने हे स्थानिक ज्ञान आराखड्यात सामावून घेतल्यास खर्च वाचेल आणि अचूकताही वाढेल.

एकात्मिक पोलाद कारखान्यात कोळशापासून कोक तयार करताना डांबर, बेंझॉल, नॅफ्थलीन व अमोनिया ही उपउत्पादने निघतात. म्हणून जगभर अशा कारखान्यांच्या परिसरात बेंझीन, फिनॉल, सायनाइड आणि बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बन यांची चाचणी प्रथम केली जाते. भारतीय पेयजल मानकानुसार पाण्यात फिनॉलचे प्रमाण लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅम आणि सायनाइडचे ०.०५ मिलिग्रॅम या मर्यादेत असावे लागते. पाण्याच्या नेहमीच्या चाचणीत आम्लता, क्षार, जडपणा व जिवाणू एवढेच पाहिले जाते. ती चाचणी उत्तीर्ण झाल्याने या रसायनांविषयी काहीही सिद्ध होत नाही. रहिवाशांनी अहवाल हाती घेतल्यावर सर्वप्रथम कोणत्या पदार्थांची चाचणी झाली, हेच पाहिले पाहिजे.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. आढळलेला प्रत्येक घातक घटक कारखान्यातूनच आलेला असतो, असे नाही. छत्तीसगडच्याच अंबागड चौकी परिसरातील कौडीकसा व आसपासच्या गावांत भूजलात आर्सेनिकचे प्रमाण धोकादायक आढळले आहे आणि त्याचा उगम तेथील खडकांत आहे. म्हणूनच उद्योगापासून दूर असलेल्या, परंतु त्याच प्रकारच्या भूमीतून घेतलेले तुलनात्मक नमुने आवश्यक असतात. त्यांच्या अभावी निर्दोष व्यक्तीवर ठपका येतो किंवा दोषी व्यक्ती निसर्गाच्या आड लपते. दोन्हीही न्यायास बाधक आहेत.

नियमांतील सामर्थ्य आणि उणिवा

नव्या नियमांनुसार स्थानिक संस्था अथवा जिल्हा प्रशासन यांनी संशयित स्थळांची यादी दर सहा महिन्यांनी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळास सादर करावयाची आहे. मंडळाने किंवा नेमलेल्या तज्ज्ञ संस्थेने ९० दिवसांत प्राथमिक मूल्यमापन आणि त्यानंतर आणखी तीन महिन्यांत सविस्तर तपासणी करावयाची आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांतील १८९ पदार्थांचे प्रमाण त्यासाठी पाहिले जाईल. स्थळ दूषित ठरल्यास त्याची माहिती जाहीर करून तेथील वावरावर निर्बंध घातले जातील. प्रदूषण करणाऱ्याचा शोध ९० दिवसांत घेऊन शुद्धीकरणाचा खर्च त्याच्याकडून वसूल केला जाईल. जबाबदार व्यक्ती सापडली नाही अथवा खर्च करण्यास असमर्थ ठरली, तर केंद्र व राज्य सरकार हा भार उचलतील.

मुदतींचे हे बंधन स्वागतार्ह आहे. मात्र त्यातूनच एक अडचणही संभवते. पावसाळ्यापूर्वीचे व नंतरचे नमुने घ्यायचे झाल्यास तीन महिन्यांचा अवधी अपुरा पडू शकतो आणि मुदत पाळण्याच्या घाईत एकाच ऋतूतील नमुन्यांवर निर्णय होण्याची भीती आहे. दुसरे असे की, तपासणीसाठी कालमर्यादा असली तरी प्रत्यक्ष शुद्धीकरण पूर्ण करण्यासाठी निश्चित मुदत ठरविण्यात आलेली नाही. किरणोत्सर्गी कचरा, खाणकाम, समुद्रातील तेलगळती आणि घनकचऱ्याचे ढीग यांच्यामुळे होणारे प्रदूषण अन्य कायद्यांच्या कक्षेत येत असल्याने या नियमांतून वगळण्यात आले आहे. सामान्य माणसाला आपल्या विहिरीतील विष कोणत्या कायद्याच्या कक्षेत येते, याच्याशी कर्तव्य नसते. त्यामुळे या यंत्रणांमध्ये समन्वय राखण्याची जबाबदारी प्रशासनावरच येते.

‘प्रदूषण करणारा भरपाई देईल’ हे तत्त्व भारतीय न्यायव्यवस्थेस नवे नाही. राजस्थानात उदयपूरजवळील बिछडी गावात रंगनिर्मितीसाठी लागणाऱ्या एच आम्लाच्या गाळाने विहिरींचे पाणी लाल-तपकिरी झाले होते. ‘नीरी’ने माती व पाण्याची पाहणी करून सादर केलेल्या अहवालाचा आधार घेत सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये उद्योगांना जबाबदार धरले. तरीही वसुलीचा वाद चालू राहिला आणि २०११ मध्ये न्यायालयास सुमारे ३७ कोटी ३८ लाख रुपये चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश द्यावा लागला. नमुन्यांनी दोष पंधरा वर्षे आधीच सिद्ध केला होता, पण विहिरींना मात्र न्यायाची वाट पाहावी लागली.

विश्वासाचा प्रश्न

नमुना घेणे हे तांत्रिक काम असले तरी त्याचे फलित सामाजिक असते. ज्याच्यावर संशय आहे त्यानेच नेमलेल्या संस्थेचा अहवाल रहिवाशांना पटत नाही आणि आंदोलकांनी घेतलेला नमुना प्रशासन ग्राह्य मानत नाही. या कोंडीवर उपाय आहे. नमुना घेताना दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी उपस्थित असावेत, एकाच नमुन्याचे भाग करून ते दोन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांकडे पाठवावेत, मोहोरबंद बाटली कोणाच्या हातून कोणाकडे गेली याची लेखी नोंद राहावी आणि ‘आढळले नाही’ या शेऱ्यासोबत प्रयोगशाळेचे उपकरण किती सूक्ष्म प्रमाण मोजू शकते, तेही नमूद व्हावे. मापनाची मर्यादाच सुरक्षित पातळीहून अधिक असेल, तर ‘आढळले नाही’ या शब्दांना काही अर्थ उरत नाही.

असा अहवाल तेथील लोकांच्या भाषेत, नकाशासह प्रसिद्ध होणे हेही तितकेच आवश्यक आहे. जमीन दूषित असल्याचे जाहीर झाल्यास घरांच्या किमती घसरतील आणि घबराट पसरेल, असा आक्षेप घेतला जातो. ही भीती अगदीच अनाठायी नाही. परंतु माहिती दडविल्याने जमीन स्वच्छ होत नाही, केवळ तिचा धोका पुढील खरेदीदाराच्या, भाडेकरूच्या किंवा तेथे खेळणाऱ्या मुलाच्या माथी जातो. उलटपक्षी, योग्य तपासणीनंतर जागा निर्धोक आढळल्यास रहिवाशांच्या मनावरील ओझे उतरते, आणि तोही या प्रक्रियेचा लाभच आहे.

औद्योगिक भारताची पहिली पिढी आता निवृत्त झाली आहे. कारखाना उभारताना कोणता खड्डा कशाने भरला, कोणती टाकी कधी गळली, याची जाण असलेली माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. तपासणीस होणारा प्रत्येक वर्षाचा विलंब हा या साक्षीदारांच्या दृष्टीनेही तोट्याचा आहे. रुआबांधा असो, भोपाळ असो वा महाराष्ट्रातील एखादी जुनी औद्योगिक वसाहत, तेथील नागरिकास भय नको आहे आणि पोकळ आश्वासनही नको आहे. त्याला आपल्या पायाखालच्या भूमीचे सत्य हवे आहे. नियमांनी त्यासाठी दार उघडले आहे. आता जिल्हा प्रशासनांनी पहिली यादी आणि मंडळांनी पहिले नमुने किती प्रामाणिकपणे घेतले, यावर या नियमांचे मोल ठरेल.